गोदावरीवर होडीने फिरायचे असेल तर

गंगाथडीच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, गावांत पूर्वी होडीत बसायचे ते पलीकडे जाण्यासाठी. पलीकडचा आठवडी बाजार, लेकीचे सासर, हुरड्याचे आमंत्रण, अधिक महिन्यातले पुरुषोत्तमपुरीचे दर्शन, राक्षसभुवनची शनी अमावास्या, पैठणची नाथषष्ठी असे काहीतरी निमित्त असायचे आणि नदीवरची पाऊण घटका त्या निमित्तासोबत फुकट मिळायची. पूल झाले तशी नाव थांबली. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते लोकार्पित झाले. त्यानंतर वरच्या अंगाला नाथसागर पसरला आणि खालच्या अंगाला वर्षातले बरेच महिने वाळू उघडी पडू लागली. पुढे नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प झाला, आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस, आमदुरा, बाभळी असे उच्च पातळी बंधारे झाले, आणि एकसंध वाहणारी नदी तुकड्यातुकड्यांनी साठलेल्या पाण्यात वाटली गेली.

आता होडीत बसायचे तर मुद्दाम ठरवून बसावे लागते. तिकीट, नारिंगी जॅकेट, मागे धडधडणारे इंजिन, दहा-पंधरा मिनिटांची एक गिरकी आणि ज्या घाटावरून निघालो त्याच घाटावर उतरणे, असा तो साधारण बेत असतो. ज्यांच्या लहानपणी नाव होती त्यांना यात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही त्यांना घरातली वडीलधारी माणसे नेमकी कशाबद्दल हळहळतात ते कळत नाही. या दोघांनी मिळून अर्धा दिवस नदीवर कसा काढावा, यासाठी पुढील माहिती आहे. जुन्या नावेतली जपण्यासारखी गोष्ट माझ्या मते तिचा संथ वेग आणि त्या वेगात होणारे नावाड्याचे बोलणे. माणसांनी, शेळ्यांनी आणि पोत्यांनी काठोकाठ भरलेली होडी, गळका तळ आणि पोहता न येणारे निम्मे उतारू यांच्या आठवणीने मात्र गहिवरण्याचे कारण नाही. ते गेले ते बरे झाले.

जागा निवडताना

सर्वांना आधी नाथसागर आठवतो, पण पहिल्या सहलीसाठी मी तो सुचवणार नाही. सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत रुंद असलेल्या या पाण्यावर वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात आणि लहान होडीला आडोसा मिळत नाही. धरणात गावे गेली आहेत. पाणी उतरले की जुन्या भिंती, देवळांचे चौथरे आणि बाभळींचे खुंट वर येतात, आणि पाणी थोडे चढलेले असताना हेच सारे वीतभर पाण्याखाली दडून बसते. ते कोठे आहे हे तेथे रोज जाळे टाकणाऱ्यालाच ठाऊक असते. शिवाय हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून तेथे होडी न्यायची असेल तर वन विभागाकडे आधी विचारणा करावी. काठावरच्या मच्छीमाराने "चला" म्हटले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक असे पाहुणे तेथे उतरतात, आणि पाण्यावर बसलेल्या थव्याच्या दिशेने इंजिन वळवून तो उडवायचा व मोबाइलमध्ये टिपायचा, अशी एक नवी हौस अलीकडे दिसते. पक्षी पाहायचेच असतील तर काठावर दुर्बीण घेऊन बसावे. होडीतून दिसतात त्याहून ते अधिक निवांत दिसतात.

बंधाऱ्यामागचे पाणी घरच्या सहलीला सर्वांत सोयीचे. ते संथ असते, दोन्ही काठ नजरेच्या टप्प्यात राहतात आणि गाव हाकेच्या अंतरावर असते. मात्र होडी जेथून सुटेल ती जागाच भिंतीपासून किलोमीटर-दोन किलोमीटर वर असावी, आणि निघाल्यावर भिंतीकडे पाठ करून वरच्या अंगाला जावे. असे केल्याने दोन गोष्टी साधतात: दरवाजांच्या ओढीपासून आपण दूर राहतो, आणि परत येताना, म्हणजे वल्हवणाऱ्याचे हात दमलेले असताना, जी काही थोडी धार असेल ती आपल्या बाजूने असते. विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आणि त्याच्या काठचे काळेश्वराचे मंदिर नांदेडकरांच्या ओळखीचे आहे. शहराला पिण्याचे पाणी याच जलाशयातून जात असल्याने तेथे खाण्यापिण्याचा पसारा पाण्यावर नेऊच नये. नांदेड शहरातले घाट शिखांच्या २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने चांगले बांधून निघाले. नगीनाघाट किंवा गोवर्धनघाटाच्या पायऱ्यांवरून वृद्ध माणसालाही पाण्यापर्यंत जाता येते, पण सांडपाण्यामुळे तेथील पाण्याला वास असतो आणि जलपर्णी माजलेली असेल तर ती वल्ह्यात आणि पंख्यात अडकते. हिरवा गालिचा दिसला की त्यात शिरू नये, वळसा घालावा.

संगमाच्या जागा, उदाहरणार्थ सिंदफणा जेथे गोदावरीला मिळते ते मंजरथ, पाहायला सुंदर आहेत; तेथे दोन धारांची ओढ वेगवेगळ्या दिशेने असते, त्यामुळे स्थानिक नावाडी असल्याशिवाय तेथे होडी काढू नये.

वाळूविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण नदीतला सर्वांत मोठा बदल तेथेच झाला आहे. पूर्वी उन्हाळ्यात पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागत, आणि नाव वाळूला लागली की मुले उडी टाकून गुडघाभर पाण्यातून पळत सुटत. आता तसे करू देऊ नये. यंत्रांनी उपसलेल्या वाळूचे खड्डे पाण्याखाली कोठेही असतात; घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल दोन पुरुष खोलीत पडू शकते. नदीवर आज तराफा किंवा बोट दिसली तर ती बहुधा सक्शन पंपाची, वाळूची असते, आणि महसूल खात्याचे पथक ती पकडून जाळते किंवा जिलेटिनने उडवते. अशा तराफ्यावर "एक चक्कर मारून आणतो" म्हणणारा भेटला तर नम्रपणे नकार द्यावा. त्यावर धड बसण्याची सोय नसते, आणि पथक आले तर तराफावाला आपल्याला तेथेच सोडून पोहत काठ गाठतो.

कधी जावे

पावसाळ्यात जाऊ नये. जुने नावाडीही पुराच्या दिवसांत नाव वर ओढून पालथी घालत. याच गोदावरीवर खाली आंध्रात, कच्चुलूरू येथे, १५ सप्टेंबर २०१९ रोजी पुराच्या पाण्यात काढलेली पर्यटकांची बोट उलटून चाळीसहून अधिक माणसे गेली. वरून पाणी सोडल्याची बातमी क्युसेकमध्ये येते आणि आकडा वाचून फारसे काही डोळ्यांपुढे येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर आपल्या घाटावरून जाणे. टँकरवर उन्हाळे काढलेल्या मराठवाड्यातील माणसाला याहून वेगळे सांगावे लागू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात, त्यामुळे धर्माबादच्या बाजूला जाणाऱ्यांनी दिवाळीच्या सुमारास घाई करू नये, पाणी अडून स्थिर होऊ द्यावे. १ मार्चला त्यातले ०.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पुन्हा खाली सोडले जाते, तो दिवस आणि त्याच्या पुढेमागचे दिवस टाळावेत. इतर बंधाऱ्यांना अशी ठरलेली तारीख नाही. तेथे पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात किंवा बंधाऱ्यावरच्या चौकीदाराकडे आदल्या दिवशी विचारावे आणि निघण्याच्या सकाळी पुन्हा विचारावे.

उन्हाळ्यात पाणी कमी असते म्हणून धोका कमी, असा समज आहे. वळवाचा वारा मात्र नेमका त्याच दिवसांत येतो. शेजारच्या भीमेवर, उजनीच्या पाण्यात, २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी अशी नेहमीची फेरी करणारी होडी वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण बुडाले. ती नवख्यांची हौस नव्हती, रोजची वाहतूक होती. धोंड्याचा महिना उन्हाळ्यात आला की, जसा २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, नदीकाठच्या देवस्थानांना गर्दी होते आणि पलीकडून होडीने जाण्याचा मोह होतो. तेव्हा सकाळी लवकर पाण्यावरून परतावे. पश्चिमेला ढग काळे पडले, वारा एकाएकी थांबला आणि उकाडा वाढला, की काठ जवळ करावा, मग तो कोणताही काठ असो.

एरवी हिवाळ्यात सूर्य वर आल्यावर दोन तास आणि मावळण्याआधीचे दोन तास चांगले. धुके असेल तर ते फिटेपर्यंत काठावर चहा घ्यावा. अंधारात होडी काढू नये, कोजागरी असली तरी.

होडी आणि जॅकेट

लाकडी होडी आता क्वचित मिळते. फायबरची मिळते, ती हलकी आणि न गळणारी असते, पण हलकी असल्यामुळेच माणूस उभा राहिला की लगेच कलते. लाकडी मिळाली तर तळाच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस व डांबर ताजे भरले आहे का ते पाहावे आणि तळात किती पाणी आहे ते पाहावे. थोडे पाणी असतेच. ते उपसण्यासाठी नावाड्याच्या पायाशी कापलेला पत्र्याचा डबा असतो, आणि तो डबा सारखा चालू असेल तर त्या होडीत बसू नये. वल्हे ज्या खुंटीला दोरीच्या कडीने बांधलेले असते ती कडी ओढून पाहावी. ओली कडी कुरकुरते, ते ठीक. तिचे धागे सुटलेले दिसले तर मध्यावर वल्हे हातात येईल. गुळाच्या काहिलीतून आणि थर्माकोलच्या तराफ्यावरून आजही काही गावांतली माणसे आणि शाळेची मुले नाइलाजाने पाणी ओलांडतात. त्यांची ती अडचण आहे, आपण तिची गंमत करू नये.

सर्व जण बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किमान वीतभर वर राहिला पाहिजे. तो चार बोटांवर आला तर एक-दोघांनी उतरावे आणि दुसरी फेरी करावी. यात कोणाचा मान जात नाही. यांत्रिक बोट असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ प्रमाणे तिची नोंदणी व तपासणी लागते, म्हणून बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसे बसू शकतात तो आकडा रंगवलेला आहे का ते पाहावे.

जॅकेट हा नव्या काळाचा निर्विवाद फायदा आहे आणि वडीलधाऱ्यांचा सर्वांत जास्त विरोधही त्यालाच असतो. "आम्ही काय पहिल्यांदा गंगेत उतरतोय?" या प्रश्नाला वाद न घालता एकच उत्तर द्यावे: तुम्ही घातले तर पोरे घालतील. ते अंगावर चढवल्यावर सर्व पट्टे आवळावेत आणि दुसऱ्या कोणीतरी खांद्यांजवळ धरून ते वर ओढून पाहावे. जॅकेट हनुवटीपर्यंत आले तर ते ढिले आहे किंवा मोठे आहे. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घालू नये, मूल त्यातून खाली निसटते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा असतो, तो बांधलाच पाहिजे. फाटलेले, आतला फोम दगडासारखा झालेले किंवा पाणी पिऊन जड झालेले जॅकेट परत करावे. नऊवारी नेसणाऱ्या आजींनी पदर खोचून वरून जॅकेट घालावे आणि कासोटा मोकळा राहील असे बसावे.

नावाडी आणि त्याच्याशी बोलणे

गोदाकाठी नाव चालवणे भोई आणि कोळी समाजांतील घराण्यांकडे असे. गावचा नावाडी सुगीत खळ्यावर धान्य घेई आणि वर्षभर गावकऱ्यांना नेई. परगावच्या माणसाकडून तेवढे रोख घेई. त्या घराण्यांतील पुढची पिढी आज मासेमारीत आहे किंवा शहरात कामाला गेली आहे, पण गावात विचारले तर पाणी ओळखणारा एखादा माणूस अजून सापडतो. इंजिनवाल्या तरुणापेक्षा तो शोधावा, किंवा तरुणाच्या होडीत त्याला सोबत घ्यावे. भाडे फेरीवर न ठरवता तासावर ठरवावे. फेरीचा भाव केला की घाई होते, आणि आपल्याला हवा असलेला संथपणा तेथेच संपतो. इंजिन असेल तर आधीच सांगावे की मध्यावर ते बंद करायचे आहे आणि वल्हे सोबत असावे.

नावाड्याला मामा म्हणावे आणि निघण्याआधी पाण्याविषयी त्याचे मत घ्यावे.

"मामा, वरून गेट सोडलेत का?"

"न्हाई अजून. पण आज पाण्याला वढ हाय, दुपारच्याला नगा जाऊ."

असे उत्तर आले की बेत बदलावा. हवामान खात्याचा अंदाज मोबाइलवर काहीही सांगत असो, काठावरच्या माणसाने नको म्हटल्यावर त्याला जास्त पैसे देऊन तयार करणे हा अपघाताचा नेहमीचा रस्ता आहे.

बसणे आणि वल्हवणे

होडीत पाय टाकावा तो मध्यभागी, वाकून, दोन्ही हातांनी काठ धरून. एका वेळी एकानेच चढावे. जड माणसांनी मध्ये, मुलांनी त्यांच्यामध्ये बसावे, आणि कोणाला जागा बदलायची असेल तर काठाला लागल्यावर बदलावी. हात पाण्यात सोडायला हरकत नाही, मात्र एकाच बाजूला सर्वांनी वाकू नये.

नावाड्याने दिले तर वल्हे जरूर हातात घ्यावे. पाते पाण्यात उभे घालावे, फार खोल नेऊ नये, आणि हातांऐवजी पाठीच्या जोराने ओढावे. पाणी उडाले तर पाते तिरके लागले आहे असे समजावे. उथळ जागी वल्ह्याऐवजी बांबू वापरतात. तो चिखलात रुतला तर त्याला लटकत राहू नये, सोडून द्यावा, कारण होडी पुढे जाते आणि माणूस बांबूसोबत मागे राहतो. यावर काठावरचे लोक पुष्कळ हसतात.

एक जुनी पद्धत अवश्य पाहून घ्यावी, कारण ती जाणणारे थोडे उरले आहेत. धार असताना नावाडी समोरच्या घाटाकडे सरळ कधीच जात नसे. तो आधी होडी काठाकाठाने, दोराने ओढत, बरीच वर नेई. मग उतारूंना बसवून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, धारेकडे तिरकी ठेवी आणि वल्ही मारत राही. धार होडीला खाली ढकलत राही, तो तिला आडवे नेत राही, आणि या दोन्हींचा हिशेब असा जुळे की होडी नेमकी पलीकडच्या पायऱ्यांना लागे. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात या कौशल्याची गरज उरलेली नाही. तरी डिसेंबरात थोडे पाणी वाहते असेल तेव्हा मामांना ते करून दाखवायला सांगावे, आणि त्या वेळी फोन खिशात ठेवून त्यांच्या मनगटांकडे पाहावे.

मध्यावर आल्यावर पंधरा मिनिटे तरी काहीही न करता बसावे. गाणी लावण्याचा स्पीकर घरी ठेवावा. शिदोरी काठावर सोडावी. भाकरी, ठेचा, दही जे असेल ते झाडाखाली खाल्ले तर जास्त लागते आणि पाण्यात कागद, पिशव्या जात नाहीत.

जुनी माहिती लिहून घेताना

आजोबा-आजी सोबत असतील तर विचारण्यासारखे पुष्कळ असते, पण "पूर्वी कसे होते?" असे मोघम विचारले की "लई चांगलं होतं" एवढेच उत्तर मिळते. नाव कोणत्या झाडाखालून सुटायची, पलीकडे कोठे लागायची, पावसाळ्यात ती किती दिवस बंद असायची, बैलगाडी पलीकडे कशी नेत, बैल पोहत जात की वरच्या उतारावरून, वऱ्हाड असले तर आधी कोणाला बसवत, शेवटची नाव केव्हा पाहिली, असे एकेक विचारावे. सांगणाऱ्याला साल आठवत नसेल तर एखाद्या मोठ्या घटनेच्या आधी की नंतर, असे विचारावे. १९७२ चा दुष्काळ आणि २००६ चा पूर या खुणा गोदाकाठी बहुतेकांच्या लक्षात आहेत. पूल केव्हा झाला ते पुलावरच्या कोनशिलेवरून पडताळून घ्यावे, कारण आठवणीतले साल आणि दगडावरचे साल यांत बऱ्याचदा अंतर निघते.

जुना घाट पाण्याखाली गेला असेल तर होडी त्या जागी नेऊन मोबाइलच्या नकाशावर खूण करावी. नोंदीच्या कागदावर तारीख, त्या दिवशीची बंधाऱ्यातील पाण्याची पातळी आणि सांगणाऱ्याचे वय लिहावे. नाव लिहायचे असेल तर त्यांना विचारूनच लिहावे. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर होडीत करू नये, पाण्याच्या आवाजात आणि वाऱ्यात अर्धे शब्द जातात. काठावर आल्यावर, पैसे चुकते करून, नावाड्यालाही जेवायला सोबत बसवून ते करावे, म्हणजे आजोबांनी सांगितलेल्यातले चुकले असेल ते तो तेथल्या तेथे दुरुस्त करतो.